स्विफ्टचं सस्पेन्शन ट्रॅकसाठी: कॉइलओव्हर घेऊ, का आधी दुसरं काही करू?

तर्रीवाला_४९
राम राम मंडळी. माझ्याकडं २०१४ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल आहे, एमएच ४९ पासिंग, दोन वर्षांआधी सेकंडहँड घेतली. मागच्या महिन्यात मी अन् माझा एक मित्र चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला जाऊन आलो. नागपूरहून हजार-अकराशे किलोमीटर गाडी चालवतच नेली, दिवसभर हाणली, अन् चालवतच परत आणली. मजा अशी आली राजेहो की घरी सांगताना अर्धी गोष्ट गाळावी लागली.

आता दुखणं सांगतो. वळणात स्टिअरिंग फिरवतो तर गाडी म्हणते तू फिर, मी सरळ चालली. म्हणजे अंडरस्टीअर. बॉडी रोल, म्हणजे गाडीचं वळणात बाहेर झुकणं, इतका की बाजूला बसलेला मित्र दाराला चिकटला होता. पुढच्या टायरचे बाहेरचे खांदे खाल्ले गेले, खांद्यावर जो बारीक त्रिकोण छापलेला असते ना, तो अर्धा घासून गेला. अन् एक विचित्र गोष्ट, उजव्या वळणात हे जास्त होते, डाव्यात कमी. का ते मला समजलं नाही, मित्र म्हणते तुझा डावा हात कमजोर आहे.

बजेट ६०-७० हजार. एका दुकानदारानं लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या) लावा म्हटलं, दुसऱ्यानं कॉइलओव्हर (स्प्रिंग अन् शॉक एकाच नगात, उंची बदलता येणारे). गाडी रोजची पण आहे, मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसी, त्यामुळं कंबर शाबूत राहिली पाहिजे. काय करू?

निवांत_पुणेकर
कॉइलओव्हर घ्या आणि विषय संपवा. माझ्या पोलोला तीन वर्षं आहेत. उंची हवी तेवढी करता येते, डॅम्पिंग (शॉकने स्प्रिंगची उसळी आवरणं) क्लिकवर बदलता येतं. लोअरिंग स्प्रिंग घ्याल, मग शॉक्स जातील, मग नवे शॉक्स घ्याल, मग शेवटी कॉइलओव्हरच घ्याल. मी याच मार्गाने गेलो, एकूण हिशोब बायकोला अजून माहीत नाही.

अंडरस्टीअर_पाटील
पुणेकरांनी पहिल्याच प्रतिसादात खर्च करायला लावला, हे इतिहासात नोंदवून ठेवा रे कुणीतरी.

पाना_नंबर_१४
भाऊ, घेणं-बिणं मागून. आधी गाडी लिफ्टवर घ्या अन् खाली पाहा. बारा वर्ष जुनी सेकंडहँड गाडी, शॉकअप कधी बदलले? लोअर आर्मचे (चाकाले खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, पाहिले का? स्ट्रटचं (पुढचा स्प्रिंग-शॉकचा खांब) माउंट? लिंक रॉड? आमचं गॅरेज आहे गणेशपेठेत, बाबांचं, मी लहानपणापासून तिथंच वाढलो. रोज एक पोट्टा येते, त्याले साठ हजाराचं काम करायचं असते अन् गाडीखाली सहाशे रुपयाचा बुश फाटलेला असते. चाक हातानं धरून वर-खाली अन् डावी-उजवी हलवा, खटखट आली म्हणजे तिथंच तुमचं अर्धं अंडरस्टीअर आहे. किती किलोमीटर झाली गाडी?

तर्रीवाला_४९
९४ हजार. शॉकअप ओरिजिनल असावे, मी तरी बदलले नाही. लीक दिसत नाही पण.

पाना_नंबर_१४
लीक दिसत नाही म्हणजे चांगले आहे असं नसते. ९४ हजारात, अन् ते पण आपल्या रस्त्यांवर, आतला व्हॉल्व्ह ढिला पडते, तेल बाहेर येतच नाही. बोनेटचा कोपरा दाबून सोडा, दीड हेलकाव्यात थांबली पाहिजे. तीन मारले तर समजून जा. ही काही पक्की परीक्षा नव्हे, पण फुकट आहे.

वळणावळणाची
मी ऑटोक्रॉस (आखलेल्या वळणांवर एकेका गाडीची घड्याळाशी शर्यत) चालवते, गाडी फार भारी नाही, म्हणून थोडं बोलायचा हक्क घेते. तर्रीवाला, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट कुणी विचारलीच नाही. टायर कोणते आहेत? व्हीएक्सआय म्हणजे १६५/८० आर१४ ना? त्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, १३२ मिलिमीटर उंच असते. वळणात रिम एकीकडे आणि रस्त्याला लागलेला रबर दुसरीकडे. त्यावर कुठलंही कॉइलओव्हर लावा, आधी ती साइडवॉलच लोळणार. १५ इंची रिमवर १९५/६० आर१५ घातले तर बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो (६२० च्या जागी ६१५ मिमी), स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही, आणि साइडवॉल ११७ वर येते. झेडएक्सआयला कंपनीच १५ इंची देते, म्हणजे रिम शोधायला वणवण नाही.

आणि हवा किती भरून गेला होतात?

तर्रीवाला_४९
३३ भरून गेलो, सगळीकडं. मधात मोजली नाही. 🙈

वळणावळणाची
झालं. ट्रॅकवर वीस मिनिटं चालवल्यावर ती ३९ ला गेली असणार. हवा तापते, दाब चढतो, साधारण साडेपाच अंशाला एक पीएसआय. ट्रॅकवर गार हवेचा आकडा बघायचा नसतो, गरम हवेचा बघायचा. सेशन संपलं की पिटमध्ये येऊन लगेच मोजायचं, गप्पा नंतर. हलक्या हॅचबॅकला रोडच्या टायरवर पुढे गरम ३५-३६ च्या आसपास धरून सुरू करा आणि तिथून एक-एक पीएसआय हलवा.

दुसरं म्हणजे खडू. पांढरा खडू घ्या, टायरच्या खांद्यावर तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा मारा, तीन लॅप मारून या. त्रिकोणाच्या टोकापर्यंत खडू पुसला गेला तर बरोबर. त्याच्याही खाली साइडवॉलवर पुसला तर हवा कमी किंवा कॅम्बर (चाकाचा वरून आत असलेला कल) कमी. पुसणं त्रिकोणाच्या वरच थांबलं तर हवा जास्त. तुमचा त्रिकोण अर्धा घासला, आणि तोही ३९ च्या दाबावर, म्हणजे पुढची चाकं वळणात सरळ उभी न राहता बाहेर कलंडतायत. पैसा आधी कॅम्बरवर जाऊ द्या.

काकू_ऑन_व्हील्स
खडूवाली युक्ती छान. आमच्या शाळेतला खडू आता तरी कामाला येईल, फळे डिजिटल झाल्यापासून पेट्या पडून आहेत.

निवांत_पुणेकर
@वळणावळणाची, टायरबद्दल सहमत. पण रोलचं काय? रोल कमी करायला स्प्रिंगच लागणार. खडूने रोल कमी होत नाही.

हूकचा_नियम
कॉलेजात बाहा एसएईला (विद्यार्थ्यांनी गाडी बनवून पळवायची स्पर्धा) दोन वर्षं सस्पेन्शन डिपार्टमेंट माझ्याकडं होतं (पीथमपूरची धूळ अजून फुफ्फुसात आहे), तेव्हा थोडं लांबड लावतो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

सगळ्यात मोठा गैरसमज हा की रोल कमी केला म्हणजे वजन बाहेरच्या चाकावर जाणं कमी होते. नाही होत. वळणात एकूण किती वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर अन् वळणाचा जोर यावर ठरते. ड्रायव्हरसकट १०५० किलो धरा, गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटर, चाकांमधलं अंतर १.४८ मीटर, वळणाचा जोर ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट). साधारण ३१० किलो सरकणार म्हणजे सरकणारच. स्प्रिंग लोखंडी खांबासारखी कडक करा तरी ३१०. कडक स्प्रिंग फक्त इतकं ठरवते की त्या ३१० मधले पुढच्या ॲक्सलवर किती अन् मागच्यावर किती.

आता फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी, पुढचेच टायर ओढतात, वळवतात, ब्रेकचंही जास्त काम तेच करतात. अन् आपण काय करतो, समोरच्या स्प्रिंग कडक करतो, म्हणजे त्याच बिचाऱ्यांवर अजून वजन सरकवतो. अंडरस्टीअर वाढते. रोल कमी झाल्यानं गाडी शहाणी वाटते, पण टायमिंग पाहिलं की कळते. म्हणून ट्रॅकवाले लोक फ्रंट व्हील ड्राइव्हला मागून कडक करतात. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा तुळईसारखा भाग) आहे, त्याला अँटीरोल बार, म्हणजे रोल अडवणारा दांडा, जोडला तर मागचं आतलं चाक वळणात हवेत उचलल्या जाते, फोटोत पाहिलं असेल, कुत्रं खांबाशी उभं असल्यासारखं. ते बिघाड नाही, ते पाहिजेच असते.

एक आकडा लक्षात ठेवा. स्प्रिंग असो का अँटीरोल बार, कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणं वाढते. १२ मिमीची तार १३ केली तर ३८ टक्के कडक. १८ चा बार २० केला तर ५२ टक्के. म्हणून "थोडाच जाड आहे भाऊ" असं दुकानदार म्हणेल तेव्हा सावध.

अंडरस्टीअर_पाटील
एवढं जर आमच्या सरांनी शिकवलं असतं तर मी फिजिक्समध्ये सुटलो असतो. पण साहेब, आमच्याकडे कोल्हापुरात पोरं ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापतात. गाडी खाली पण येते आणि कडक पण होते. फुकटात. ते पण फिजिक्सच ना?

हूकचा_नियम
फिजिक्सच आहे, वेढे कमी झाले की कडकपणा वाढते, खोटं नाही. पण शेवटचा वेढा सीटवर बसायला वळवलेला असते, तो कापला की स्प्रिंग टोकावर उभी राहते. चाक हवेत गेलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. कापू नका.

पाना_नंबर_१४
कापलेल्या स्प्रिंगची गाडी आली तर आम्ही काम घेत नाही. बाबा सरळ हात जोडतात.

गप्पिष्ट
विषयांतर: नागपुरात तर्री पोहे सध्या कुठे चांगले मिळतात? धागाकर्त्याचं नाव बघून भूक लागली.

तर्रीवाला_४९
@गप्पिष्ट कस्तुरचंद पार्कच्या बाजूनं सकाळी साडेसातच्या आत जा. नंतर फक्त तर्री उरते, पोहे नाही.

इंदूरी_जिरावण
तर्री वगैरे ठीक आहे हो पण पोहे म्हणजे जिरावण आणि शेव. असो. मुद्द्यावर येतो. तुम्ही नागपूरवाले समृद्धीवर गाडी तपासता हे खरं का? माझा साला परवा सांगत होता, शिवमडक्याला चढला आणि थेट शिर्डी.

तर्रीवाला_४९
तपासत नाही भाऊ. तिथं १२० ची मर्यादा आहे अन् वळणच नाही, तपासणार काय? सरळ रस्त्यावर तर माझी आजी पण रेसर आहे.

विमाकाका
समृद्धीचा विषय निघालाच आहे तर दोन कडू गोष्टी सांगतो, रागावू नका. सार्वजनिक रस्त्यावर असलं काही करू नका हे एक. दुसरं, तुमची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी काढून वाचा, त्यात लिमिटेशन्स ॲज टु यूज असा परिच्छेद असतो. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल यासाठी वापर असेल तर कव्हर नाही. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च तुमचा. मी तीस वर्षं याच धंद्यात आहे, लोक क्लेम नाकारल्यावर पॉलिसी वाचतात.

आणि मोटर वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीत आहे त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. बुश आणि शॉक बदलणं ही दुरुस्ती. गाडीची उंची बदललीत तर मात्र आरटीओचा माणूस आणि माझा सर्व्हेअर, दोघंही खाली वाकून बघणार.

निवांत_पुणेकर
काका, तुमच्यामुळेच मजा जाते आयुष्यातली.

विमाकाका
मजा जात नाही, हप्ता जातो.

वळणावळणाची
काकांचं बरोबर आहे, म्हणून तर गाडी ट्रॅकवर नेताना मी एकच हिशोब करते: ही आज पूर्ण गेली तर मला परवडेल का? परवडणार नसेल तर वेग कमी, किंवा स्पर्धेच्या वेळी दुसऱ्याची भाड्याची गाडी. तसंच स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचं (देशातली मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्स लागतं, नुसत्या ट्रॅक डेला आयोजकांचे नियम.

लोअरिंग स्प्रिंगवर एक अनुभव. माझ्या पहिल्या गाडीला मी ४० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग लावल्या, शॉक जुनेच. दिसायला काय सुंदर! पहिल्याच इव्हेंटला वळणाच्या मध्यावर गाडी अचानक पुढून सुटायची, एकदम, सांगून नाही. कारण कळायला महिना गेला. गाडी इतकी खाली आली होती की स्ट्रट बंप स्टॉपवरच टेकलेला. वळणात घुसलं की बाहेरचा बंप स्टॉप दाबला जायचा, म्हणजे त्या क्षणाला तिथली स्प्रिंग दहापट कडक झाल्यासारखी. बंप स्टॉप म्हणजे तो पिवळसर फोमचा तुकडा हो, हातात धरला तर काहीच वाटत नाही.

हूकचा_नियम
+१. अन् मॅकफर्सनमध्ये (स्विफ्टला पुढं असते ते स्ट्रटवालं सस्पेन्शन) अजून एक चोर आहे. गाडी खाली आणली की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलल्या जाते. त्यानं रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) खाली जाते, अन् गुरुत्वमध्य जितका खाली जाते त्याच्यापेक्षा जास्त खाली जाते. दोघांमधलं अंतर वाढलं म्हणजे रोल करायला लांब दांडा मिळाला. खाली आणलेली गाडी, स्प्रिंग तीच असली तर, जास्त रोल करू शकते! टाय रॉडचा कोनही बिघडते, खड्ड्यावरून गेलं की स्टिअरिंग आपोआप हलते, त्याले बंप स्टीअर म्हणतात. १५-२० मिमीच्या पुढं जायचं असेल तर ही सगळी भानगड सांभाळावी लागते.

@निवांत_पुणेकर स्प्रिंग ४० टक्के कडक केली तर डॅम्पिंग साधारण १८ टक्के वाढवावं लागते, वर्गमुळाप्रमाणं. जुन्या शॉकवर कडक स्प्रिंग म्हणजे मोकाट घोडा. तुमचं कॉइलओव्हर म्हणणं त्या अर्थानं चूक नाही, दोन्ही एकत्र जुळून येतात. पण ज्याले अजून क्लिक कशाची हे समजत नाही त्याच्या हातात तीस क्लिक देणं म्हणजे...

निवांत_पुणेकर
मला समजतं हो! पूर्ण बंद करायचं, मग उलटे मोजायचे, एका वेळी दोन क्लिक, एकच ॲक्सल, वहीत लिहायचं. पहिल्या वर्षी मी चारही चाकं एकदम फिरवायचो आणि म्हणायचो वा काय फरक पडला. फरक बहुतेक नाश्त्यामुळे पडत होता, हे मान्य.

अंडरस्टीअर_पाटील
पुणेकरांनी चूक मान्य केली. धागा वाचनखुणेत साठवला.

पाना_नंबर_१४
तर्रीवाला भाऊ, एवढा अभ्यास झाला पण तुम्ही गाडी वर घेतली का? उजव्या वळणात जास्त अन् डाव्यात कमी, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. थेअरीवाल्यांनी पण त्यावर काही म्हटलं नाही. दोन्हीकडं सारखं असतं तर गोष्ट वेगळी. एकाच बाजूले होते म्हणजे एका बाजूले काहीतरी आहे. रविवारी आणा, चहा पाजतो.

तर्रीवाला_४९
मंडळी, बसा नीट. रविवारी गेलो गणेशपेठेत. पाना भाऊनं आधी गाडी सपाट फरशीवर उभी केली, टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. पुढं डावीकडं ३९१ मिमी, उजवीकडं ३७८. तेरा मिलिमीटरचा फरक! मी म्हटलं टाकी-बिकीमुळं असेल. तो काही बोललाच नाही, लिफ्टवर घेतली, डावं चाक काढलं, अन् हसायला लागला.

पुढच्या डाव्या स्प्रिंगच्या दोन वेढ्यांच्या मधात एक रबराचा जाड गोल तुकडा बसवलेला. काळा पडलेला, धुळीत स्प्रिंगच्याच रंगाचा झालेला. तेच ते स्प्रिंग बफर, ॲक्सेसरीच्या दुकानात "स्पीड ब्रेकरले घासणार नाही" म्हणून लावून देतात. उजव्या स्प्रिंगवर त्याचा फक्त घासलेला डाग होता, तुकडा नाही. म्हणजे आधीच्या मालकानं दोन्हीकडं लावले, उजवा कधीतरी निघून पडला, अन् मी दोन वर्ष, अन् चेन्नईपर्यंत, एकाच बाजूच्या बफरवर गाडी चालवली.

डावा लोअर आर्मचा मागचा बुश पण फाटलेला होता. शॉकअप हातानं दाबला तर वर यायचं नाव घेत नाही.

काकू_ऑन_व्हील्स
हसू आवरत नाहीये. आमच्या आधीच्या गाडीलाही होते ते! विक्रेत्याने "एक्स्ट्रा फिटिंग" म्हणून वर पैसे घेतले होते.

हूकचा_नियम
हा हा हा. आता सगळं जुळलं. उजव्या वळणात वजन डाव्या चाकांवर येते, डावी स्प्रिंग दबते, बफर दाबल्या जाते, तितके वेढे निकामी, स्प्रिंग एकदम कडक. पुढं कडक म्हणजे अंडरस्टीअर. डाव्या वळणात डावी स्प्रिंग उलट ताणते, बफर मोकळा होते, काहीच करत नाही. त्यात पुढचा डावा कोपरा तेरा मिमी वर, म्हणजे टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सरकवल्यासारखं, पुढं डावं अन् मागं उजवं हे दोन पाय जास्त वजन घेतात. मित्राले सांगा, डावा हात ठणठणीत आहे.

निवांत_पुणेकर
माझं कॉइलओव्हर लावलं असतं तर बफर निघालाच असता. 😎

पाना_नंबर_१४
हो, पन्नास हजार रुपये देऊन एक रबर काढलं असतं.

वळणावळणाची
आता क्रम सांगते, तुम्ही विचारलं नाही तरी. बफर फेका. चारही शॉक कंपनीचे नवे, सोबत नवे बंप स्टॉप आणि स्ट्रट माउंट. दोन्ही लोअर आर्मचे बुश. १९५/६० आर१५. मग कॅम्बर बोल्ट: स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जिथे दोन बोल्टने जोडलेले असतात तिथला वरचा बोल्ट काढून एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सरकवलेला, बोल्ट घालायचा, दीड अंशापर्यंत निगेटिव्ह (वरून आत) मिळतो. बघा तेवढ्यावर काय होतं. आणि ब्रेक फ्लुइड, कुणीच बोललं नाही! जुनं फ्लुइड हवेतलं पाणी पितं, डॉट ४ नव्याने २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं १५५ ला. पेडल जमिनीला टेकल्यावर सस्पेन्शन आठवत नाही कुणाला.

तर्रीवाला_४९
कॅम्बर मोजायचं कसं? इथं अलाइनमेंटवाला म्हणते तुमच्या मॉडेलमध्ये कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, कॉम्प्युटर लाल दाखवते, मी हात लावत नाही.

पाना_नंबर_१४
त्याचं कंपनीच्या सेटिंगपुरतं बरोबर आहे. तुम्ही गवंड्याचा ओळंबा घ्या. गाडी सपाट जागी, चाक सरळ, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाचं काही ठेवा (सिमेंटची पोती चालते, मित्र पण चालते). रिमच्या वरच्या कडेसमोर ओळंबा सोडा, दोरीपासून वरच्या कडेचं अन् खालच्या कडेचं अंतर मोजा. १५ इंची रिमच्या कडा साधारण ४१५ मिमी अंतरावर असतात, तर एका अंशाले सव्वासात मिमीचा फरक येते. वरची कडा आत गेली पाहिजे. अकरा मिमी म्हणजे दीड अंश झाला. बोल्ट फिरवला की टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत का बाहेर) पण बदलते हे विसरू नका, टाय रॉड जागचा हलत नाही ना. म्हणून आधी कॅम्बर, मग टो. टो दोरी ताणून होते, पण ते मात्र कॉम्प्युटरवर करा, पुढून एक-दीड मिमी बाहेर, त्याच्या वर नको, रोजच्या गाडीचे टायर आतून खाऊन टाकते.

गप्पिष्ट
सिमेंटची पोती घेऊन अलाइनमेंटला जाणारा माणूस मला बघायचाय.

तर्रीवाला_४९
तीन महिन्यांनी हजर आहे, धागा वर काढतो.

सगळं केलं वरच्या क्रमानं. शॉक, माउंट, बुश, टायर-रिम, बोल्ट, फ्लुइड, मजुरी मिळून बजेटच्या आत बसलं, थोडे उरले पण. कॅम्बर डावीकडं उणे १.४, उजवीकडं उणे १.५, ओळंब्यानं. सिमेंटची पोती नाही, मित्रच बसवला, पण तो पाच किलोनं जास्त आहे. उंची दोन्हीकडं ३७६.

मागच्या शनिवारी परत तोच ट्रॅक. पहिलं सेशन पुढं २९ गार भरली, आल्या-आल्या मोजली, ३५. खडू मारला होता, त्रिकोणाच्या जरा वरच पुसला, म्हणून दुसऱ्या सेशनले गरम ३४ वर आणली. तिथं बरोबर टोकाला आला. तिसऱ्या सेशनमध्ये मागची हवा ३ पीएसआय वाढवून पाहिली, तर एका जलद वळणात पाय उचलल्याबरोबर मागची बाजू हळूच निघाली बाहेर, पोटात गोळाच आला. परत २ कमी केली. आता उजवं-डावं सारखं वळते. रोल अजून आहे, पण गाडी कुठं थांबणार ते समजते. मागच्या वेळपेक्षा पावणेतीन सेकंद कमी, त्यातले किती टायरचे, किती माझे, किती त्या रबराच्या तुकड्याचे, हे काही सांगता येत नाही, सगळं एकदमच बदललं ना.

हूकचा_नियम
हेच म्हणणार होतो, एका वेळी एक बदलायचं होतं. पण हजार किलोमीटर लांब ट्रॅक असला की चालते.

निवांत_पुणेकर
उरलेल्या पैशात मागचा अँटीरोल बार? आणि हो, स्विफ्टला मागे स्प्रिंग वेगळी, शॉक वेगळा असतो, म्हणजे तुमच्यासाठी मागे खरा कॉइलओव्हर बनतच नाही, हे मी काल वाचलं. तीन महिन्यांपूर्वी वाचायला हवं होतं.

तर्रीवाला_४९
बार पाहून राहिलो, १८ चा. २० चा नाही, चौथा घात पाठ झाला आहे.

विमाकाका
पॉलिसी वाचली का?

तर्रीवाला_४९
वाचली काका. तिथं भिंत लांब आहे म्हणून गेलो.

पाना_नंबर_१४
भाऊ, तीनशे-चारशे किलोमीटर झाले असतील आता, कॅम्बर बोल्ट परत एकदा टॉर्क रेंचनं तपासून घ्या. ते सरकतात. रविवारी या, अन् तो रबराचा तुकडा पण घेऊन या, बाबा म्हणून राहिले काउंटरवर ठेवायचा, गिऱ्हाइकांना दाखवायला.

तर्रीवाला_४९
भाऊ, गेल्या-आल्याचे बावीसशे झाले! उद्याच येतो. तुकडा आईनं स्वयंपाकघराच्या दाराखाली लावला आहे, दार आपटत होतं. मागून पाहतो.